राज्य गेले, टिळा राहिला



मागच्या वर्षी नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू होता. एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्राचे एक कात्रण आणून माझ्या टेबलावर ठेवले. त्यात आफ्रिकेतील घाना देशाच्या अशांती लोकांच्या राजाचे छायाचित्र होते. डोक्यावर मोठे थोरले छत्र, अंगावर रंगीबेरंगी विणीचे वस्त्र, हातात सोन्याची जड कडी आणि भोवती ढोल वाजविणाऱ्यांची गर्दी. विद्यार्थी म्हणाला, "सर, या देशात राष्ट्राध्यक्ष आहे, निवडणुका होतात, मंत्री आहेत. मग हा राजा काम काय करतो?" मागच्या बाकावरून कोणीतरी उत्तर दिले, "फोटो काढून घेतो!" सारा वर्ग हसला. खरे सांगायचे तर मलाही हसू आले.

मग मी वर्गाला उलट प्रश्न केला, "आपल्या नागपूरला राजे होते का?" दोघातिघांनी भोसल्यांचे नाव घेतले. "भोसल्यांच्या आधी कोण होते?" वर्ग गप्प. "आणि भोसले गादीवर बसताना त्यांच्या कपाळी टिळा कोण लावीत असे?" आता तर कोणी मान वर करीना. मी त्यांना दोष देत नाही. मी याच शहरात वाढलो, बी. ए. झालो, बी. एड. झालो, आणि तरीही नोकरीला लागेपर्यंत या प्रश्नाचे उत्तर मलाही ठाऊक नव्हते. त्या दिवशी वर्गात जे सांगावयाचे राहून गेले ते आज या स्मरणिकेच्या पानांवर आपल्यापुढे ठेवतो.

आपण कळमन्याचे लोक. आपली सकाळ बाजाराच्या गाड्यांच्या आवाजाने उजाडते. संत्री, मिरची, धान्य, सारा विदर्भ जणू आपल्या दारावरून जातो. येथून बसने महालाकडे जाण्यास फार वेळ लागत नाही. त्या महाल भागात आजही गोंड राजाचा किल्ला म्हणून ओळखली जाणारी जागा आहे, आणि त्या घराण्याचे वंशज आजही नागपुरात आहेत. हे घराणे जातीने गोंड आणि धर्माने मुसलमान. हे शहर ज्यांनी वसविले त्यांचेच हे वंशज.

त्याची हकिगत अशी.

सातपुड्याच्या डोंगरात, आजच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, देवगड नावाचा किल्ला आहे. तेथे गोंडांचे राज्य होते. अकबर बादशहाच्या काळच्या आइने-अकबरीत या घराण्यातील जाटबा याचा उल्लेख सापडतो. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस या घराण्यात गादीचा तंटा उभा राहिला. तेव्हा गादीवर हक्क सांगणारा एक राजपुत्र मदत मागण्यासाठी औरंगजेबाच्या दरबारी गेला. तेथे इ. स. १६८६ च्या सुमारास त्याने इस्लाम स्वीकारला आणि त्याला बख्तबुलंद हे नाव मिळाले. बख्त म्हणजे नशीब, बुलंद म्हणजे उंच. पुढे याच राजाने मोगलांविरुद्ध बंड केले. बादशहा इतका रागावला की त्याने या नावाचीच उलटापालट केली आणि त्याला निगूनबख्त, म्हणजे पालथ्या नशिबाचा, असे म्हणावे असा हुकूम काढला. मित्रांनो, यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. धर्म एक असला म्हणजे राजकारण एक असते असे नाही. बख्तबुलंद शाहांनी धर्म घेतला तो कायमचा घेतला, पण गुलामी घेतली नाही. आणि धर्म घेतला म्हणून आपल्या गोंड भाऊबंदांशी असलेले नाते तोडले, असेही झाले नाही. त्यांच्या घराण्याची सोयरीक पुढेही राजगोंड घराण्यांशी होत राहिली.

इ. स. १७०२ मध्ये नाग नदीच्या काठच्या बारा लहान वस्त्या एकत्र करून बख्तबुलंद शाहांनी नागपूर शहर वसविले. त्या वस्त्यांना राजापूर बारसा असे नाव होते. नागपुरास इंग्रजांचे रेसिडेंट असलेल्या रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ साली आपल्या अहवालात या राजाविषयी जे नमूद केले ते मननीय आहे. या राजाने हिंदू असो वा मुसलमान, कर्तबगार माणूस पाहून त्याला काम दिले. दूरदूरच्या कष्टाळू लोकांना आणून वसविले, शेती आणि कारागिरी वाढविली, आणि मराठ्यांच्या कारभाराला पुढे जे यश आले त्याचा पाया बऱ्याच अंशी याने घातला होता, असा त्याचा अभिप्राय आहे. बख्तबुलंदांचे पुत्र चांद सुलतान यांनी राजधानी देवगडाहून नागपुरास आणली आणि शहराभोवती तट बांधला. आज ज्याला आपण गांधीसागर म्हणतो तो तलाव म्हणजे त्यांच्या वेळचा जुम्मा तलाव. आजचे गांधीद्वार म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. आपण रोज त्याच्या जवळून सायकलने, ऑटोने जातो आणि मान वर करून पाहतही नाही.

आता यापुढचा भाग दुःखाचा आहे, पण तो वगळून चालणार नाही.

१७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारले आणि बख्तबुलंदांचा दासीपुत्र वली शाह याने गादी बळकावली. चांद सुलतानांची विधवा राणी रतनकुंवर हिला अकबर शाह आणि बुऱ्हाण शाह असे दोन मुलगे होते. राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीस बोलाविले. रघूजी आले, त्यांनी वली शाहाचा बंदोबस्त केला, दोघा भावांना गादीवर बसविले आणि आपला मोबदला घेऊन ते परत गेले. येथे हे प्रकरण संपावयास हवे होते. पण दोघा भावांचे पटेना. १७४३ मध्ये बुऱ्हाण शाहांनी भावाविरुद्ध पुन्हा रघूजींनाच हाक मारली. अकबर शाह परागंदा झाले आणि हैदराबादेत विषप्रयोगाने मेले. या वेळी रघूजी आले ते परत गेले नाहीत. नागपूर ही भोसल्यांची राजधानी झाली आणि बुऱ्हाण शाह नावाचे राजे उरले. दोन भाऊ भांडले आणि तिसऱ्याच्या हाती घराच्या किल्ल्या गेल्या, असे आपण घरोघरी ऐकतो. नागपूरचे राज्य असेच गेले. ते कोणा शत्रूने तट फोडून घेतले नाही, आतूनच दार उघडले गेले.

मात्र रघूजी भोसल्यांनी गोंड राजाला हाकलून लावले नाही. त्याला नागपुरात ठेवले, उत्पन्नातील वाटा दिला, राजा हा किताब कायम ठेवला. आणि एक रीत चालू राहिली. भोसल्यांच्या घरातील पुरुष गादीवर बसताना गोंड राजा त्याच्या कपाळी टिळा लावी. काही महसुली कागदांवर गोंड राजाची मोहर उठत असे. म्हणजे फौज भोसल्यांची, खजिना भोसल्यांचा, हुकूम भोसल्यांचा, आणि या साऱ्यावर संमतीचा टिळा मात्र गोंड राजाचा. टिळा लावणारा हात मुसलमान राजाचा, कपाळ हिंदू राजाचे, आणि रीत या मातीची. आजच्या दिवसांत हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे असे मी आपणांस विनवितो.

काही विद्वान म्हणतात, हा सारा देखावा होता. रघूजी मोठे धोरणी होते. उद्या पेशव्यांनी हुकूम सोडला तर "आम्ही गोंड राजाच्या वतीने राज्य करतो" असे म्हणावयास जागा असावी, म्हणून त्यांनी हे बाहुले उभे ठेवले. यात तथ्य आहे, मी ते नाकारीत नाही. पण थोडा विचार करा. ज्याच्या हाती तलवार आहे त्याला टिळ्याची गरज का भासावी? कारण तलवारीने मुलूख मिळतो, मुलखाची मान्यता मिळत नाही. सातपुड्यातील, रानावनातील हजारो गोंडांच्या मनात राजा कोण हे ठरलेले होते. मान्यता ज्याच्याजवळ आहे त्याच्यापुढे बलवानालाही क्षणभर कपाळ पुढे करावे लागते. देखावा म्हणा हवे तर, पण त्या देखाव्यात एक कबुली होती, की हे घर आम्ही बांधलेले नाही.

पुढे काळाने भोसल्यांनाही तोच धडा दिला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारसावाचून वारले आणि १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. ज्या कपाळी टिळा लावावयाचा त्या कपाळाचीच गादी गेली. कालचे मालक आणि त्यांच्या आधीचे मालक, दोघेही एकाच सरकारचे पेन्शनर झाले आणि एकाच महाल भागात शेजारी म्हणून राहू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटियरमध्येही गोंड राजाची नोंद पेन्शन घेणारा राजा अशी सापडते.

आता आपण आफ्रिकेकडे वळू, म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

आफ्रिकेचे राजे आपल्या महाराष्ट्राला अगदीच परके नाहीत. औरंगाबाद शहराचा पाया खडकी या नावाने १६१० मध्ये घालणारा मलिक अंबर हबशी होता. कोकणातील जंजिऱ्याचे सिद्दी नवाब हे आफ्रिकी वंशाचे, त्यांचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. पण खुद्द आफ्रिकेत आजही राजे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची स्थिती आपल्या गोंड राजासारखीच आहे. मान आहे, अंमल नाही.

ज्याचे छायाचित्र वर्गात आले त्या अशांती राजाचेच घ्या. या लोकांचे एक सुवर्णासन आहे. साऱ्या अशांती लोकांचा आत्मा त्या आसनात आहे अशी त्यांची श्रद्धा. म्हणून त्यावर खुद्द राजाही बसत नाही. इंग्रजांनी १८९६ मध्ये त्यांचा राजा प्रेम्पे याला पकडले आणि पुढे सेशेल्स बेटांवर हद्दपार केले. १९०० साली इंग्रज गव्हर्नरने ते आसन आपल्या बसण्यासाठी मागितले. तेव्हा याआ असान्तेवा नावाच्या एका राणीमातेने लोकांना लढाईस उभे केले. लढाईत अशांती हरले, मुलूख गेला, पण आसन त्यांनी इंग्रजांच्या हाती लागू दिले नाही. १९२४ मध्ये प्रेम्पे परत आला आणि १९३५ मध्ये गादी पुन्हा मान्य झाली. आज घाना हे प्रजासत्ताक आहे. त्याच्या १९९२ च्या राज्यघटनेने या पारंपरिक गाद्यांना संरक्षण दिले आहे, मात्र गादीवरील व्यक्तीने पक्षीय राजकारणात पडू नये अशी अट घातली आहे. दर सहा आठवड्यांनी कुमासी शहरात या राजाचा दरबार भरतो, ढोल वाजतात, लोक मुजऱ्यास येतात.

युगांडा देशात बुगांडाच्या राजाला कबाका म्हणतात. १९६६ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्ष ओबोटे यांनी कबाकाच्या राजवाड्यावर फौज घातली. कबाका पळून लंडनला गेला आणि १९६९ मध्ये तेथेच मेला. १९६७ मध्ये साऱ्या गाद्याच रद्द झाल्या. पण लोकांच्या मनातून गादी रद्द झाली नाही. १९९३ मध्ये सरकारला ती परत द्यावी लागली आणि त्याच कबाकाचा मुलगा गादीवर बसला. कर घेण्याचा, कायदा करण्याचा अधिकार त्याला नाही. मान मात्र आहे.

नायजेरियातील कानो शहराच्या अमीराची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. तेथे ईदच्या नमाजानंतर शेकडो घोडेस्वार नटूनथटून दौडत येतात आणि अमीरासमोर मुठी उंचावून सलामी देतात. पण याच गादीवरील मुहम्मदू सनुसी यांना २०२० मध्ये राज्य सरकारने पदावरून दूर केले आणि २०२४ मध्ये परत आणले. दोन दावेदार उभे राहिले, वाद पेटला, आणि त्या वर्षी बकरी ईदच्या वेळी पोलिसांनी घोडदौडीवर बंदी घातली. घरातील तंट्याने मान कसा उणा होतो ते बुऱ्हाण शाहांच्या नागपूरने पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिले होते, ते कानोने आता पाहिले.

वाचकहो, मग हा राजा काम काय करतो? अशांतीचे आजचे राजे ओसेई टुटू दुसरे हे १९९९ मध्ये गादीवर बसले. त्याच वर्षी त्यांनी गरीब मुलांच्या शिक्षणासाठी एक निधी उभा केला. त्यांच्या हाती खजिना नाही. पण छत्राखाली बसलेला माणूस शिक्षणासाठी हात पसरतो तेव्हा लोक नाही म्हणत नाहीत. कानोचे सनुसी हे अमीर होण्यापूर्वी आपल्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. ते मुलींच्या शाळेविषयी आणि बालविवाहाविरुद्ध उघड बोलत आले. मान ही एक शिल्लक आहे असे समजा. नुसती ठेवून दिली तर ती वर्षागणिक झिजते, कामाला लावली तर वाढते. म्हणून त्या विद्यार्थ्याला आज माझे उत्तर असे, की राजा काम करतो की नुसता फोटो काढून घेतो, हे ज्याच्या त्याच्यावर आहे.

त्यानंतर काही दिवसांनी मी मुलांना घेऊन गांधीद्वार पाहावयास गेलो. तेथून महालात हिंडलो. परतताना एका मुलाने हळूच विचारले, "सर, बख्तबुलंद शाह आपले होते की त्यांचे?" त्यांचे म्हणजे आदिवासींचे, हे मला कळले. मी थोडा वेळ उत्तरच देऊ शकलो नाही. मुलाचा दोष नव्हता. आपणच त्याला जगाकडे "आपले" आणि "त्यांचे" असे दोन खण करून पाहावयास शिकविले आहे. गोंड बांधव या राजाला आपला पूर्वज मानतात आणि तो त्यांचा आहेच. तो कलमा पढलेला होता म्हणून आपल्याला त्याच्याविषयी जवळीक वाटते, तीही खोटी नाही. आणि विधानभवनाजवळ त्याचा पुतळा उभा आहे तो साऱ्या शहराच्या वतीने. ज्या माणसाने हिंदू-मुसलमान न पाहता माणसे गोळा करून शहर वसविले त्याची वाटणी करण्यास आपण कोण? मी त्या मुलाला इतकेच म्हणालो, "बाळ, तू नागपूरचा ना? मग ते तुझे."

पालकहो, आपल्या समाजात एक सवय आहे. लग्नकार्यात, जलशात, चहाच्या टपरीवर आपण बादशाहीच्या गोष्टी मोठ्या चवीने सांगतो. आपले पूर्वज तख्तावर होते, किल्ले बांधीत होते. ऐकताना छाती फुगते. पण त्याच संध्याकाळी घरातील मुलगा सातवीतून शाळा सोडून गॅरेजवर जातो, मुलगी दहावीनंतर घरी बसते, आणि त्या वेळी आपली बादशाही कामी येत नाही. राज्य गेलेल्या राजाला निदान पेन्शन मिळत होती. आपल्याला कोण देणार? इतिहास सांगावा, अवश्य सांगावा, पण तो मुलाला आराम देण्यासाठी नव्हे, त्याच्यावर जबाबदारी टाकण्यासाठी. तुझ्यासारखाच एक माणूस या शहराचा पाया घालून गेला, आता तू काय करणार, असा प्रश्न त्या इतिहासातून निघाला पाहिजे.

आणि मोठ्यांसाठीही त्यात एक प्रश्न आहे. अकबर शाह आणि बुऱ्हाण शाह यांचे भांडण आपल्या मोहल्ल्यांतून, जमातींतून, संस्थांतून आजही चालू नाही काय? खुर्चीसाठी दोन गट पडतात, प्रकरण कचेरीत जाते, आणि मुलांचे वर्ष वाया जाते. शाळा ही समाजाची गादी आहे. तिचा तंटा बाहेर नेला की किल्ल्या दुसऱ्याच्या हाती जातात. हे मी एक शिक्षक म्हणून, हात जोडून सांगतो.

एक समाधानाची गोष्ट सांगून हा लेख संपवितो. गोंडवन हे नाव नकाशावरून केव्हाच पुसले गेले. ते परत आले ते २०११ मध्ये, गडचिरोलीत स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या पाटीवर. शेकडो वर्षांच्या राज्याचे नाव शेवटी विद्येच्या दारावर टिकले. 

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत घरच्या मंडळींना सोबत घ्या आणि जुम्मा तलावाच्या काठी जा. जुम्मा दरवाज्याखाली क्षणभर उभे राहा. सक्करदऱ्याकडे गोंड राजघराण्याची कबरस्थाने आहेत, तेथे जमले तर फातिहा पढा, आणि सोबत गोंड मित्र असेल तर त्याला त्याच्या रीतीने हात जोडू द्या. मग घरी येऊन अभ्यासाला बसा. टिळा लावणारे ते हात आज आपल्यापुढे नाहीत. पण या शहरात मानाने कपाळ वर करून चालावयाचे असेल तर तो टिळा आता आपणच आपल्या अभ्यासाने कमवावयाचा आहे.